नकाशा वाचणारा संगणक
(अणदूर येथील ज्ञातिमेळाव्यातील भाषण)



आपल्यातील अनेक घरांत ओळंबा व थापी हीच वडिलोपार्जित इस्टेट होय. म्हणूनच स्थापत्य अभियंते झालेल्या आपल्या मुलांपुढे मी पुण्याच्या 'सॉफ्टटेक इंजिनियर्स'चे उदाहरण ठेवू इच्छितो. स्थापत्य अभियंता असलेल्या विजय गुप्ता यांनी १९९६ साली ही कंपनी लहान प्रमाणावर सुरू केली.

इमारतीचा नकाशा मंजुरीस गेला म्हणजे सामासिक अंतरे, उंची, चटई क्षेत्र, जिन्याची रुंदी, वाहनतळ हे सारे नियमावलीशी ताडून पाहावे लागते. हाताने मोजण्यात दिवस जात. शिवाय एकाच नियमाचे दोन अधिकारी दोन अर्थ लावीत. (कागद कोणत्या मेजावर अडतो, हे मी आपणांस सांगावयास नकोच!) कंपनीच्या 'ऑटोडीसीआर' या प्रणालीत नकाशातील रेषा संगणकच मोजतो आणि नियमाबाहेरची बाब दाखवून देतो. अनेक महापालिकांनी ती स्वीकारली. २०१८ साली कंपनीचे भाग राष्ट्रीय शेअर बाजाराच्या लघुउद्योग विभागात दाखल झाले.

या धंद्याचे मूळ भांडवल नियमावलीचे ज्ञान हे होते. तुळजापूर-सोलापुरास शिकलेल्या आपल्या मुलांपाशी ते आहे. नाही तो संगणक. तो घेण्यास मंडळाने यंदा बिनव्याजी कर्ज द्यावे, अशी सूचना मी मांडतो.