डॅन्यूबकाठची वाट



कामगार संघटनेचा माणूस सायकलसफरीवर बोलणार म्हटल्यावर काहींना नवल वाटले असेल. सायकल हे आमचे जुने वाहन. एका कारखान्याच्या दारावरची सभा आटोपून दुसरी पाळी सुटण्याआधी पुढचे दार गाठायचे, तर तिच्यावाचून गत्यंतर नसे. पण निव्वळ आनंदासाठी, नदी पाहत पाहत सायकल चालवायची, हे सुख आम्हांला पन्नाशीनंतर डॅन्यूबच्या काठी मिळाले.

जर्मनीतील पासाऊ येथे इन आणि इल्झ या नद्या डॅन्यूबला मिळतात. तिथून ऑस्ट्रियाच्या राजधानीपर्यंत, म्हणजे व्हिएन्नापर्यंत, सव्वातीनशे किलोमीटरांच्या आसपास सायकलवाट नदीला धरून जाते. श्लोगेनला नदी डोंगराला वळसा घालून जवळजवळ उलटी फिरते. मेल्कला खडकावर १७०२ ते १७३६ या काळात बांधलेला भव्य मठ आहे. पुढे वाखाऊच्या खोऱ्यात दगडी बांधांवर द्राक्षमळे चढत जातात, आणि ड्यूर्नश्टाइनचा पडका किल्ला दिसतो. इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२ च्या अखेरीस इथेच कैदेत पडला होता.

ही वाट बहुतेक सपाट आहे. गुडघे कुरकुरणाऱ्यांनीही भिऊ नये. पण ती सपाट का, हे विचारावे. आगबोटी येण्यापूर्वी प्रवाहाविरुद्ध नावा न्यायच्या, तर काठावरून घोड्यांनी दोर लावून त्या ओढाव्या लागत. त्या घोड्यांसाठी आणि हाकणाऱ्यांसाठी पाण्यालगत वाट राखलेली असे. एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या, घोडे गेले, वाट राहिली. आज सहलीची सायकल बऱ्याच ठिकाणी त्याच वाटेवरून धावते. राजाची कैद पाटीवर लिहिलेली आहे. दोर ओढणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली?

लिंझ सोडल्यावर माउथहाउझेन गाव लागते. येथील ग्रॅनाइटच्या खाणी जुन्या. १९३८ च्या मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि ऑगस्टमध्ये या खाणींपाशी छळछावणी उभी राहिली. या छावणीत आणि तिच्या शाखांत सुमारे १ लाख ९० हजार माणसे डांबली गेली. त्यांतली निदान ९० हजार मेली. कैद्यांनी पाठीवर दगड घेऊन १८६ पायऱ्या चढायच्या, हे तिथले काम. त्यांत अनेक देशांतले कामगार कार्यकर्तेही होते. सायकलवाट खालून, नदीकाठाने निघून जाते. छावणी वर टेकडीवर आहे. पुष्कळ प्रवासी वर न चढताच पुढे जातात. आमचे सांगणे एवढेच, की एक दुपार मोडली तरी चालेल, पण ती चढण चुकवू नका.

मग या वाटेवर आनंद करायचाच नाही काय? अवश्य करायचा! तोही कुणी फुकट दिलेला नाही. ऑस्ट्रियातल्या कामगारांनी १८९९ साली आपली सायकलस्वारांची संघटना काढली. १९१९ साली तिथे आठ तासांचा दिवस आणि पगारी रजा यांचे कायदे झाले. ते घडवून आणणारा मंत्री फर्डिनांड हानुश स्वतः विणकर होता. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० साली मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवारची सुटी मिळाली, आणि १९४८ च्या कारखाना कायद्यात पगारी रजेचे कलम आले. तरी आजही कंत्राटी कामगाराला रजा मागताना काम जाण्याची धास्ती असते. त्याला नदीकाठ कुठला आणि सफर कुठली?

म्हणून आम्ही म्हणतो, पोटाला भाकरी हवी तशी माणसाला रिकामी दुपारही हवी. तुमच्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी डॅन्यूबकाठी जरूर जावे. ज्यांना तेवढे जमणार नाही, त्यांनी रविवारी सायकल काढून आपल्याच नदीच्या काठाने जावे. घाट कोणी बांधला, दगड कोणी वाहिले, हे वाटेत विचारावे. आणि सोमवारी कामावर गेल्यावर, शेजारच्या कंत्राटी सोबत्याला रजा मिळते की नाही, याचीही चौकशी करावी.