काकाबाबूंची गिटार आणि तीन फुटांची पेटी

फौजेतून निवृत्त झालेला माणूस बोलायला उभा राहिला की लोक सीमेवरच्या गोष्टी ऐकायच्या तयारीने बसतात. मी आज एका पेटीबद्दल बोलणार आहे. जुनी लॅप स्टील गिटार ठेवायची पेटी. ती मिळवण्यात माझे पाच महिने गेले, आणि ती वेळेवर न मिळवल्यामुळे त्याच्या पंचवीस वर्षं आधी माझ्या हातून एक नुकसान झालं होतं.

लॅप स्टील म्हणजे आपण जिला हवाईयन गिटार म्हणतो ती. मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची. या पद्धतीचं श्रेय हवाई बेटांवरच्या जोसेफ केकुकूला देतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाची गोष्ट. आपल्याकडे ती कलकत्त्यात रुजली. हवाईचा ताऊ मो १९४० च्या दशकात तिथे राहून वाजवत होता, आणि तिथल्या बंगाली घरांत हार्मोनियमच्या शेजारी ही गिटार दिसू लागली. तुमच्यापैकी वयाने मोठे असलेल्यांनी रेडिओवर व्हॅन शिप्ले किंवा सुनील गांगुली यांनी वाजवलेल्या सिनेमाच्या धुना ऐकल्या असतील. ब्रिजभूषण काब्रांनी तर या गिटारवर राग वाजवले. १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ आठवा; संतूर आणि बासरीबरोबर जी गिटार आहे, ती त्यांची.

माझी बदली कलकत्त्याला झाली तेव्हा अलीपूरला आमच्या सरकारी घरामागच्या गल्लीत एक सत्तरीचे गृहस्थ राहत. आम्ही त्यांना काकाबाबू म्हणायचो. त्यांच्याकडे रिकनबॅकर कंपनीची बेकलाइटची लॅप स्टील होती. या कंपनीची पहिली विजेवरची गिटार १९३२ ची, ओतीव ॲल्युमिनियमची. दिसायला तळणीसारखी, म्हणून नावही ‘फ्राइंग पॅन’ पडलं. रंगमंचावरच्या दिव्यांनी धातू तापला की ती बेसूर व्हायची. मग १९३५ मध्ये बेकलाइटची आली. बेकलाइट म्हणजे जुन्या विजेच्या बटणांचं, काळ्या टेलिफोनचं ते चकचकीत प्लास्टिक. वितळत नाही, वाकत नाही, पण आपटलं की तडकतं. त्यातही या गिटारचं धड आणि मान हे दोन वेगळे तुकडे असतात, स्क्रूने जोडलेले. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दोन वर्षं मी संध्याकाळी त्यांच्याकडे शिकायला जात असे. वाजवणं यथातथाच जमलं. १९९८ साली महूला बदली झाली, तेव्हा काकाबाबूंनी ती गिटार माझ्या हातात ठेवली. त्यांच्या बोटांना संधिवात होता. मूळ पेटी बंगालच्या दमट हवेत कधीच कुजून गेली होती, म्हणून गिटार एका जुन्या शालीत गुंडाळलेली. त्यांनी एवढंच विचारलं, “मेजरसाहेब, नेणार कशी?” मी म्हटलं, “काकाबाबू, आमचं आयुष्यच सामान बांधण्यात जातं.”

मग मी नेहमीच्या गिटारची पेटी विकत आणली. ती साडेतीन फुटांच्या वर, आणि ही गिटार जेमतेम अडीच फूट. उरलेल्या जागेत टॉवेल कोंबले, दोन स्वेटर कोंबले, पोलादी कांडी आणि वायर त्यातच टाकली. सामानाच्या डब्यातून ती महूला आली. उघडून बघतो तर टॉवेल एका टोकाला गोळा झालेले, कांडी तारांवर आडवी पडलेली, एका खुंटीची चावी तुटलेली आणि मानेच्या सांध्याशी केसाएवढा तडा.

त्या रात्री काकाबाबूंचा फोन आला. “पोहोचली ना नीट?” मी म्हणालो, “हो, अगदी नीट.” ते पुढे पाचेक वर्षं होते. मी त्यांना खरं सांगितलं नाही.

आता २०२३. कलकत्त्याहून एका मुलीचा फोन. काकाबाबूंची नात. ती गिटार शिकते आहे, आणि आजोबांची गिटार कोणा मराठी फौजीकडे आहे असं आजीने तिला सांगितलेलं. तिने मागितली नाही हं, फक्त फोटो पाठवाल का म्हणाली. बायको म्हणाली, “तुम्ही तरी कुठे वाजवता आता?” खरं होतं. गिटार परत द्यायची ठरली. प्रश्न पुन्हा तोच: नेणार कशी?

या वेळी मी घाई केली नाही. पहिली गोष्ट कळली ती अशी की लॅप स्टीलच्या पेटीला ठरलेलं माप नाही. प्रत्येक कंपनीचा आकार निराळा: कोणाची चौकोनी फळी, कोणाची कंबर असलेली, कोणाची तळणी. परदेशातून तयार पेटी मागवली तरी ती आपल्याला बसेल याची खात्री नाही, आणि किंमत ऐकून मी फोन ठेवला. बॅरिटोन युकुलेलीची पेटी लांबीला जवळपास बसते. पण युकुलेली पोकळ लाकडाची, हलकी, आणि ही हातात घेतली की मनगट खाली जातं. त्या पेटीची मूठ पहिल्याच जिन्यात निघाली असती. व्हायोलिनची लांबट चौकोनी पेटी, आतले ठोकळे काढून, पुष्कळ लॅप स्टीलवाले वापरतात. चांगली युक्ती आहे. मीही एक आणली, पण माझं गाडं अडलं ते उंचीवर. या गिटारच्या घोडीजवळ तारांच्या वरून नालेच्या आकाराचे चुंबक जातात. झाकण लावलं की ते चुंबकावर टेकायचं. म्हणजे वरून कोणी बॅग ठेवली की सगळा भार तिथेच. शेवटी रायफलची प्लास्टिकची पेटी पाहिली. मला ती फार आवडली, सवयीचा परिणाम. पण ती घेऊन हावडा स्टेशनवर उतरायचं आणि पोलिसांना समजावत बसायचं, हे या वयात नको वाटलं.

तेव्हा पेटी करून घ्यायची. महूत बदलीवाल्या अफसरांच्या सामानाचे लाकडी खोके करणारे एक मिस्त्री आहेत. त्यांच्यासाठी मी गिटार वर्तमानपत्रावर ठेवली, पेन्सिल उभी धरून कडेकडेने बाह्यरेषा काढली, आणि पाच ठिकाणची उंची त्याच कागदावर लिहिली. तुमच्याकडे कुठलंही जुनं, वेड्यावाकड्या आकाराचं वाद्य असेल तर हे आधी करा, मगच बाजारात जा. माझे आधीचे दोन महिने तो कागद नसल्यामुळे वाया गेले होते.

मिस्त्री म्हणाले, “साहेब, आत मऊ मऊ फोम भरतो, गादीसारखा.” मलाही ते पटलं. फौजी खोड अशी की चाचणीशिवाय काही घ्यायचं नाही. गिटारच्या वजनाइतकी लाकडी डमी केली. मानेच्या सांध्याच्या जागी ती कापून, फटीवर शाळेतला खडू आडवा चिकटवून दोन्ही तुकडे जोडले. खडू बेकलाइटसारखाच, न वाकता मोडणारा. पेटी बंद करून कमरेच्या उंचीवरून सोडली. खडूचे दोन तुकडे. मऊ फोम जड वस्तूखाली पार दबतो आणि वस्तू थेट तळाच्या फळीवर आदळते. मग टीव्हीच्या खोक्यात येतो तो पांढरा, जरा कडक ईपीई फोम आणला. धडाखाली आणि मानेखाली बाह्यरेषेप्रमाणे कापून बसवला. खुंट्यांचं टोक मात्र अधांतरी ठेवलं, चारी बाजूंनी बोटभर मोकळं. चुंबकाच्या वर झाकणात खाच. कांडी आणि वायर यांना झाकणवाला वेगळा कप्पा. दुसऱ्यांदा पेटी सोडली, खडू शाबूत. तिसऱ्यांदा मिस्त्रींनी स्वतःच सोडली, जरा वरूनच, आणि खडू बघायला माझ्या आधी वाकले.

अस्तराला मखमल नको म्हटलं. मांजरपाट आणला, खळ जाईपर्यंत दोनदा धुतला, तो लावला. साधा स्पंजासारखा फोम आणि स्वस्त रेक्झिन काही वर्षांनी चिकट होतात आणि वाद्याच्या अंगाला लागतात. जुन्या वाद्यांवर असे डाग मी पाहिलेत. डांबरगोळ्याही टाकू नका, काही प्लास्टिकना त्या मऊ करतात. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा कोरड्या दिवशी पेटी उघडून ठेवा.

पेटी बाहेरून जवळजवळ तीन फूट झाली. विमानात हातातल्या सामानाची लांबी साधारण ५५ सेंटिमीटर, तेव्हा तो विषय संपला. रेल्वेने गेलो. वरचा बर्थ घेतला, पेटी भिंतीच्या बाजूला आणि मी तिच्या शेजारी. तारा दोन सुरांनी उतरवल्या होत्या. गार डब्यातून उतरल्यावर हावड्याच्या घामट हवेत ती लगेच उघडली नाही. नातीच्या घरी दोन तास तशीच ठेवली, नाहीतर गार अंगावर दव धरतं. ती बिचारी चहा घेऊन समोर बसलेली, पेटीकडे बघत.

फौजेत प्रत्येक गाडीचं एक लॉगबुक असतं. दुरुस्ती, बिघाड, कोणाच्या हातून, सगळं त्यात लिहायचं. मी कप्प्याच्या झाकणाच्या आत एक कार्ड चिकटवलं होतं. तारांचं माप, उतरवायचे सूर, आणि खाली: ‘मानेच्या सांध्याशी तडा, १९९८, कलकत्ता ते महू, अयोग्य पेटीमुळे. जबाबदारी माझी.’ सही, हुद्दा.

तिने ते वाचलं. मग आतल्या खोलीत जाऊन आजीला वाचून दाखवलं, बंगालीत. काकीमा आता नव्वदीच्या आहेत, ऐकायला कमी येतं, म्हणून तिला ते दोनदा, मोठ्याने वाचावं लागलं. मी बाहेर बसून ऐकत होतो. मला बंगाली समजतं.

काकीमांनी आतूनच विचारलं, वाजते का? नातीने सूर लावायला घेतले. वायर जोडायला यंत्र नव्हतं, त्यामुळे आवाज अगदी बारीक आला.