अनियमित नाडी आणि यंत्राची साक्ष



निजामी अमदानीतील दप्तरांत जिला मोमिनाबाद म्हणत आणि जिच्या परिसरात मुकुंदराज व दासोपंत यांच्या समाध्या आहेत, त्या अंबाजोगाईत वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून हृदयाच्या ठोक्यांविषयी बोलणे काहींना रूक्ष वाटेल. पण स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयही याच गावात आहे, आणि बीड जिल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवरून 'छातीत धडधडतंय, दम लागतोय' अशी कैफियत घेऊन येणाऱ्या माणसाच्या हाती आज औषधाच्या चिठ्ठीआधी स्कॅनची चिठ्ठी पडते, हे आपण सर्वजण पाहतो.

हाउन्सफील्ड यांच्या सी.टी. यंत्राने 1971 साली पहिल्या रुग्णाची तपासणी केली, ती मस्तकाची होती. आणि मस्तक निश्चल असल्यामुळे कित्येक मिनिटे चाललेली ती तपासणी यशस्वी झाली. हृदय असे स्वस्थ बसत नाही. अंगणात झोपाळ्यावर बसलेल्या मुलाची तसबीर मंद कॅमेऱ्याने घ्यावयाची, तर झोका टोकाशी जाऊन थबकतो तोच क्षण साधावा लागतो, आणि झोके समान असतील तरच तो आधी वर्तवता येतो; यंत्रही नेमके तेच करते. छातीला चिकटवलेल्या तारांतून येणाऱ्या ईसीजीमधील उंच टोक, ज्याला आइन्थोव्हेन यांनी दिलेले 'आर' हे अक्षर आजही चालते, तेथून वेळ मोजून दोन ठोक्यांमधील स्वस्थ काळात यंत्र आपले काम उरकते. मिनिटाला 60 ठोके असतील तर दोन टोकांमध्ये एक सेकंदाचे अंतर असते. ठोके 100 झाले की तेच 600 मिलिसेकंदांवर येते, आणि आकुंचनाचा काळ फारसा घटत नसल्यामुळे बहुतेक तूट विश्रांतीच्याच वाट्याला येते. म्हणून तपासणीपूर्वी नाडी साठ-पासष्टच्या आत आणण्यासाठी गोळी देण्याची पद्धत आहे. दमेकऱ्यास मात्र ती विचारपूर्वकच द्यावी लागते.

आता नाडीच अनियमित असेल तर काय होते? 1909 साली टॉमस लुईस यांनी ज्या विकाराची ईसीजीवरून ओळख पटवली, तो अलिंदांचा कंप, ज्याला डॉक्टर 'एएफ' म्हणतात, त्यात कोणताही ठोका पुढच्याची वर्दी देत नाही. मागील ठोक्यांवरून यंत्र अंदाज बांधते, आणि पुढचा ठोका अवेळी येऊन तो अंदाज मोडतो. गोळीने अशी नाडी मंदावते, पण नियमित होत नाही. त्यात चौसष्ट स्लाइसचे यंत्र एका वेळी सुमारे चार सेंटिमीटरच टिपते आणि हृदयाची उंची त्याच्या तिपटीच्या आसपास असते. म्हणजे निरनिराळ्या ठोक्यांतील तुकडे जोडून एक चित्र तयार होते. ठोके विषम असतील तर हे सांधे सरकतात, अखंड धमनी मध्येच तुटल्यासारखी दिसते. आणि सर्वांत अधिक हलणारी उजवी हृद्धमनी फाटलेल्या पडद्याआडून दिसावी तशी पुसट होऊन, नसलेला अडथळा असल्याचा भास निर्माण करते. यातून अनावश्यक अँजिओग्राफी घडू शकते. उलट, खरा अडथळा अस्पष्टतेत दडूनही राहतो. संपूर्ण हृदय एकाच ठोक्यात टिपणारी सोळा सेंटिमीटर रुंदीची यंत्रे, किंवा दोन नळ्यांची वेगवान यंत्रे, ही अडचण बरीच कमी करतात. जेथे ती नाहीत तेथे ईसीजीची सर्व नोंद जतन करून अवेळी पडलेले ठोके वगळून चित्र पुन्हा जुळवण्याची तजवीज करता येते, मात्र त्यासाठी रुग्णाच्या अंगावर किरणांचा भार अधिक पडतो.

या भागात माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा मामला इकोचा, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदय पाहण्याच्या तपासणीचा, आहे. बालपणी घसा दुखून आलेला संधिज्वर कित्येक वर्षांनी हृदयाची झडप अरुंद करून बसतो. डावे अलिंद फुगते, आणि त्यातून एएफ उद्भवतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीसाठी कोयता हाती घेणाऱ्या एखाद्या बाईची झडप अशी असली, तर ती धावत येऊन टेबलावर आडवी झाल्यावर मोजलेला झडपेवरील दाबातला फरक, आणि पंधरवडाभर औषधे घेतल्यानंतर मोजलेला फरक, यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडू शकते. हृदयाला विश्रांती जितकी कमी, तितके झडपेतून रक्त ढकलण्यास दाब अधिक लागतो. इकोचे चित्र थेट असल्याने तेथे पुसटपणा येत नाही. पण एकाच ठोक्यावर मोजमाप करून शेरा लिहिला, तर 'तीव्र' आणि 'मध्यम' यांतील निवाडा केवळ योगायोगावर सोपवल्यासारखे होते. निदान पाच ठोक्यांची सरासरी घ्यावी, असा नियम याचसाठी आहे. फुग्याने झडप रुंद करावी की नाही, हे ठरवताना तर तो टाळता येतच नाही.

आणखी एक भ्रम सांगतो. एएफमध्ये डाव्या अलिंदाच्या पिशवीसारख्या कोपऱ्यात रक्त मंद वाहते. रंगद्रव्य तेथे वेळेवर पोहोचत नाही, आणि सी.टी.त काळा डाग दिसून रक्ताची गाठ असल्याचा संशय येतो. सुमारे एका मिनिटाने पुन्हा पाहिल्यास डाग बहुधा भरून निघतो. नच भरला तर अन्ननलिकेतून इको करून खातरजमा करावी लागते.

अहवालात 'ठोका अनियमित असल्याने अमुक भाग सांगता येत नाही' असे लिहिणारा तज्ज्ञ मला, सर्व काही स्पष्ट असल्याचा दाखला देणाऱ्यापेक्षा, अधिक विश्वासार्ह वाटतो. म्हणून स्कॅनला जाण्यापूर्वी कोणाकडून तरी मनगटावर आणि छातीवर, दोन्हीकडे नाडी मोजून घ्या, कारण एएफमध्ये छातीवरचे सगळे ठोके मनगटापर्यंत पोहोचत नाहीत. जुना ईसीजी सोबत न्या. चालू औषधांची नावे सांगा. आणि चिठ्ठीवर 'नाडी अनियमित' ही नोंद आहे की नाही, हे तपासूनच टेबलावर आडवे व्हा.