इंग्रजीतील जोड-क्रियापदे : भीती कशाची?



इंग्रजीचा पेपर म्हटला की आपल्या मुलांच्या पोटात गोळा येतो. मोठमोठ्या शब्दांची भीती वाटते, असे ती सांगतात. माझा अनुभव निराळा आहे. मोठा शब्द शब्दकोशात सापडतो. दगा देतात ते 'पुट', 'गेट', 'लुक' यांसारखे छोटे शब्द. त्यांच्या मागे 'अप', 'ऑफ', 'आउट' आले की अर्थ पार बदलतो. यांनाच फ्रेझल व्हर्ब, म्हणजे जोड-क्रियापद म्हणतात.

बी. एड. झाल्यावर मला एका संस्थेचे पत्र आले. बारा तारखेची मुलाखत 'पुट ऑफ' केली आहे, असे त्यात होते. 'पुट' म्हणजे ठेवणे, तेव्हा मुलाखत ठेवली आहे, असा अर्थ मी लावला. उसने पैसे घेऊन भंडाऱ्याहून नागपूर गाठले, तर फाटकाला कुलूप! 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे. पदवी हातात असूनही दोन छोट्या शब्दांनी मला परत पाठवले.

परंतु ही रीत आपल्याला परकी आहे काय? मराठीत भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते आणि पोरगा नादीही लागतो. घरच्या बोलीत 'दुकान बैठ गई', 'दिल बैठ गया' असे आपण म्हणतो. तेथे खाली कोणीच बसलेले नसते. हे अर्थ आपण पाठ केले नाहीत. वाक्ये ऐकली आणि अर्थ आपोआप कळला. इंग्रजीचेही तसेच आहे. सुटा शब्द नव्हे, पुरे वाक्य लक्षात ठेवा.

एक 'लुक'च घ्या. 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे, 'लुक फॉर' म्हणजे शोधणे, 'लुक अप' म्हणजे शब्दकोशात पाहणे, आणि 'लुक डाउन ऑन' म्हणजे तुच्छ लेखणे. 'अप' पुष्कळदा काम पुरे झाल्याचे सांगतो. 'ईट अप' म्हणजे खाऊन टाकणे, 'युज अप' म्हणजे वापरून संपवणे. आपला 'टाकणे' जे करतो, तेच तो करतो.

वापराचे दोन नियम ध्यानात ठेवा. पहिला, 'पुट ऑफ'मध्ये सर्वनाम मध्ये येते. 'पुट इट ऑफ' बरोबर, 'पुट ऑफ इट' चूक. 'लुक आफ्टर' मात्र फुटत नाही. तेथे 'लुक आफ्टर हर' असेच म्हणावे. दुसरा, बोलताना 'पुट ऑफ' शोभते, तर औपचारिक अर्जात 'पोस्टपोन' अधिक बरे. आपणही बोलताना 'पुढे ढकलले' म्हणतो आणि कागदावर 'स्थगित' किंवा 'मुलतवी' लिहितो. हा 'मुलतवी' मूळचा अरबी. मराठीने तो आपलासा केला. भाषा परक्या शब्दाला भीत नाही, मग आपण का भ्यावे?

विद्यार्थ्यांनो, एक वही करा. आठवड्याला पाच जोड-क्रियापदे, प्रत्येकाचे स्वतःच्या आयुष्यातले एक वाक्य. वर्षाला अडीचशेच्या वर होतील. कोणी बिड्या वळणाऱ्या आईविषयी लिहील, कोणी धानाच्या बांधीविषयी. पालकांनो, तुम्हाला इंग्रजी येत नसले तरी चालेल. रात्री जेवताना मुलाला एवढेच विचारा, "आजचे वाक्य आपल्या बोलीत सांग." त्याला सांगता आले, तर ते त्याला समजले.

शेवटी एकच विनंती. मुलगी दहावी झाली की तिचे पुढचे शिक्षण आपण 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून टाळतो. 'पुट ऑफ'चे रूपांतर 'गिव्ह अप'मध्ये, म्हणजे सोडून देण्यात, केव्हा होते ते कळतही नाही. माझी मुलाखत पुन्हा झाली. तिचे वय परत येणार नाही.