दुखणं शून्यावर येणार नाही, मग गोळी कशाला?

आज फायब्रोमायल्जियाबद्दल बोलायचंय, पण फक्त औषधांपुरतं.

मी अठ्ठावीस वर्षांची, हिंजवडीत बॅकएंडवर काम करते. अडीच वर्षं मान, खांदे, कंबर, मांड्या, काही ना काही दुखतंच. आठ तास झोपूनही सकाळी अंग ठेचून काढल्यासारखं. ईएसआर, सीआरपी, थायरॉइड, एमआरआय, सगळं नॉर्मल. आई म्हणायची, "अगं, काही निघालं नाही हे चांगलंच ना?" चांगलंच गं, पण दुखत होतं त्याचं काय?

माझ्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर धडधाकट आहे, अलर्टची मर्यादा मात्र फारच खाली आलीय. सीपीयू वीस टक्क्यांवर गेला तरी पेजर वाजतो. पण तो खरंच वाजतो हं! 'मनाचे खेळ' म्हणणाऱ्यांना हे सांगून सांगून मी थकले. वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०१७ मध्ये अशा दुखण्याला 'नोसिप्लास्टिक' हे वेगळं नावच दिलं. म्हणजे स्नायूत किंवा सांध्यात इजा दिसत नाही, वेदनेचा आवाज वाढवणारी यंत्रणाच बिघडलेली असते.

म्हणूनच आयबुप्रोफेनसारख्या नेहमीच्या गोळ्या इथे फारशा चालत नाहीत. सूजच नसेल तर त्या उतरवणार काय? अमेरिकेत या आजारासाठी २००९ पर्यंत तीन औषधांना मान्यता मिळाली होती, २००७ मध्ये प्रेगॅबालिन, २००८ मध्ये ड्युलोक्सेटिन आणि २००९ मध्ये मिलनॅसिप्रान. पहिलं मुळात फिट्स आणि नसांच्या दुखण्यासाठी वापरलं जाणारं. ड्युलोक्सेटिन नैराश्यासाठीही देतात. झालं, सासूबाईंनी स्ट्रिपवरचं नाव मोबाइलवर शोधलं आणि विचारलं, "फिट्सचं औषध तुला कशाला दिलंय?" रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या.

मला खरी अडचण आकड्यांची वाटली. प्रेगॅबालिनच्या चाचण्यांचा एकत्र आढावा वाचला. दुखणं निम्म्यानं किंवा त्याहून जास्त कमी झालेले लोक नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा साधारण शंभरात दहाच जास्त. दहा! असलं फीचर मी प्रॉडक्शनला जाऊ दिलं नसतं. दुसरीकडे चक्कर, गुंगी, वजन वाढणं. युरोपातल्या तज्ज्ञांच्या शिफारशींमध्येही ठाम पाठिंबा एकाच गोष्टीला आहे, व्यायामाला. पण रात्रभर तळमळल्यावर सकाळी टेकडी चढायची कशी, हे मला कोणी सांगेना.

संधिवाताच्या डॉक्टरांनी ते सोपं केलं. म्हणाले, "दुखणं शून्यावर आणायला नाही, तुम्ही चालायला लागावं म्हणून देतोय." मग आम्ही तीन महिने ठरवले आणि मोजायला तीनच गोष्टी. रात्री किती वेळा जाग येते, आठवड्यात किती दिवस अर्धा तास चालणं होतं, आणि दुपारी आडवं न होता किती तास काम जमतं. दुखण्याला दहापैकी किती, हे मुद्दाम सोडलं. तो आकडा माझ्या मूडवर फार नाचतो.

रात्री ७५ मिलिग्रॅमची एक गोळी. पहिला आठवडा वाईट गेला. सकाळच्या स्टँडअपला साधे शब्द सुचेनात. स्कूटर बंद, कॅबचा खर्च सुरू. दोन महिन्यांत वजन तीन किलोंनी वाढलं. पण झोप! चारदा उठणारी मी एकदा उठायला लागले, आणि चालणं आठवड्यात एका दिवसावरून चारवर आलं. दुपारचं आडवं होणं तेवढं तसंच राहिलं.

तीनपैकी दोन. डॉक्टरांनी गोळी चालू ठेवली, डोस ५० वर आणला. आता सकाळचं डोकं जरा हलकं असतं. एक मात्र नक्की ऐका, ही औषधं मनानं एकदम बंद करू नका. झोप उडते, मळमळतं, घाम फुटतो. डॉक्टरांना विचारून हळूहळूच उतरायचं.

पुढच्या अपॉइंटमेंटला नवरा सोबत येणार आहे. आम्हाला मूल हवंय. त्याआधी गोळी कधी आणि कशी कमी करायची, आणि त्या काळात झोपेचं काय, हे दोघांनी मिळून विचारायचंय. प्रश्न लिहून ठेवलेत, सध्या अकरा झालेत. सासूबाईंनी बारावा दिलाय, तोही घेऊन जातोय.