मोजलेली सावली

(हीरकमहोत्सवी वर्षातील विज्ञान सप्ताहाच्या उद्घाटनप्रसंगी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षातील विज्ञान सप्ताहाच्या उद्घाटनासाठी आपण मला चेन्नईहून बोलावलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार. रिकाम्या हाताने येऊ नये अशी आपली रीत आहे. म्हणून त्या शहरातून एक भेट आणली आहे. ती वस्तू नाही, मोजमाप करणाऱ्या काही माणसांच्या हकिगती आहेत. आपल्या सप्ताहाने काय साधावे, हे मला त्यांच्याच आधाराने सांगायचे आहे.

चेन्नईच्या दक्षिणेकडे सेंट थॉमस माउंट नावाची टेकडी आहे. एप्रिल १८०२ मध्ये तिच्या पायथ्यालगतच्या सपाट भूमीवर विल्यम लॅम्टन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने एक सरळ रेषा मोजावयास घेतली. रेषेची लांबी सुमारे साडेसात मैल आणि मोजण्याचे साधन म्हणजे १०० फुटांची पोलादी साखळी. ती उचलून पुन्हा पुढे मांडायची, असे सुमारे ४०० वेळा. परंतु पोलाद उन्हात वाढते. तापमान १० अंश सेल्सिअसने चढले, तर एवढ्या अंतरात सुमारे १.४ मीटरचा फरक पडतो. म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवून तिच्यावर सावली धरली जाई, तापमापकाची नोंद घेतली जाई आणि त्यानुसार लांबी दुरुस्त केली जाई. भर उन्हाळ्यात हे काम कित्येक आठवडे चालले. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची ही पायाभरणी. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने काढता येतात, हे आपली आठवी-नववीची मुले जाणतात. त्या एका काटेकोर रेषेवर त्रिकोणामागून त्रिकोण रचत ही मोजणी पुढे हिमालयापर्यंत पोहोचली.

१८०८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या शिखरावर कोन मोजण्याचे अवजड यंत्र, थिओडोलाइट, चढवले जात असता दोर तुटला. यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याचे वर्तुळ वाकले. नवे यंत्र इंग्लंडहून यायला फार काळ लागला असता. लॅम्टनने तंबूत बसून काही आठवडे खपून ते वर्तुळ स्वतःच्या हातांनी पूर्ववत केले. त्याच्या आयुष्याची अखेर मात्र आपल्या भूमीत झाली. हैदराबादहून नागपूरकडे जात असता जानेवारी १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचे निधन झाले आणि त्याची समाधी तेथेच आहे. मद्रासला सुरू झालेली रेषा मोजणारा माणूस विदर्भाच्या मातीत विसावला, हे आपल्या मुलांना भूगोलाच्या तासाला अवश्य सांगावे.

ज्या तंजावरात तो दोर तुटला, तेथे त्या वेळी मराठी राजा होता. दुसरे सरफोजीराजे भोसले यांच्या दालनात हवा काढण्याचा पंप, विद्युतयंत्र, हस्तिदंती सांगाडा आणि खगोलशास्त्राची उपकरणे होती, अशी नोंद १८२६ मध्ये त्यांना भेटलेल्या बिशप हेबर यांनी केली आहे. राजांनी देवनागरीचे मुद्रणालय उभारले. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच तेथून इसापाच्या कथांचे मराठी रूप, ‘बालबोध मुक्तावली’, छापून निघाले. म्हणजे मुलांसाठी मराठी छापील पुस्तक आणि विज्ञानाची उपकरणे या दोन गोष्टी दोनशे वर्षांपूर्वी कावेरीकाठी एका छताखाली नांदत होत्या. मराठीत विज्ञान कसे शिकायचे, असा प्रश्न आज पालक विचारतात तेव्हा मला हे दालन आठवते.

आता वळू या सप्ताहाच्या निमित्ताकडे. २८ फेब्रुवारी १९२८ हा रामन परिणामाच्या शोधाचा दिवस. १९८७ पासून आपण तो राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. चंद्रशेखर वेंकट रामन हे मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयाचे विद्यार्थी. तेथे लोलकाचा कोन मोजण्याचा नेहमीचा प्रयोग करताना प्रकाशाचे काही पट्टे त्यांना दिसले. दोन्ही बाजूंना ते सारखे नव्हते. प्रयोगवहीला त्या पट्ट्यांशी कर्तव्य नव्हते, पण या मुलाला होते. त्याने त्यांचा पाठपुरावा केला आणि १९०६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याचा निबंध लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोग ठरलेला होता, पण निरीक्षण त्याचे स्वतःचे होते.

या साऱ्या हकिगतींतून मला एकच गोष्ट सांगायची आहे. विज्ञान सप्ताहाच्या अखेरीस प्रत्येक मुलाच्या वहीत त्याने स्वतः मोजलेली निदान एक संख्या असावी. ती चुकली तरी चालेल, पण ती त्याची असावी.

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. अलीकडे प्रदर्शनांत रंगीत थर्माकोलचे ज्वालामुखी आणि बाजारातून आणलेल्या तयार प्रतिकृती फार दिसतात. रात्री आईवडील जागून त्या जोडतात आणि सकाळी मूल पाठ केलेली चार वाक्ये म्हणून दाखवते. परीक्षक पुढे सरकले की दुसरा पाहुणा येईपर्यंत ते मूल गप्प उभे असते. त्याला कोणी ‘असे का?’ विचारले, तर ते आईकडे पाहते. अशा सप्ताहातून मूल एवढेच शिकते, की विज्ञान दुसऱ्याने करायचे असते आणि आपण ते सांगायचे असते. वाकडीतिकडी, गोंदाने चिकटलेली, पण मुलाने स्वतः केलेली वस्तू पालकांनी सहन करावी, ही माझी पहिली विनंती.

मग करायचे काय? चेन्नईतील एका गणितशिक्षकाचे उदाहरण घेऊ. पी. के. श्रीनिवासन यांनी आयुष्यभर मुलांसाठी गणिताचे खेळ रचले आणि १९९३ मध्ये रॉयपुरम भागात श्रीनिवास रामानुजन यांच्या स्मरणार्थ संग्रहालय उभे केले. त्यांच्या आवडत्या साधनांपैकी एक म्हणजे भिंतीवरचे जुने कॅलेंडर! महिन्याच्या पानावर तीन बाय तीनचा कोणताही चौकोन आखा. त्यातील नऊ तारखांची बेरीज मधल्या तारखेच्या नऊपट येते. तिसरीतले मूल हे बेरीज करून पडताळते आणि सातवीतले मूल मधल्या तारखेला क्ष मानून ते सिद्ध करते. खर्च शून्य, आणि एकाच कागदावर प्राथमिक व माध्यमिक दोन्ही विभाग एकत्र बसतात.

स्वयंपाकघरही प्रयोगशाळाच आहे. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर साबणाचे पाणी टाकले की तो लाल होतो आणि लिंबू पिळले की पुन्हा पिवळा होतो. पहिलीच्या मुलांनी रंग पाहावा. नववीच्या मुलांनी मात्र लिंबाचे किती थेंब लागले ते मोजून लिहावे.

तमिळनाडू शासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘वानविल मंड्रम’, म्हणजे इंद्रधनुष्य मंडळ, ही योजना सुरू केली. तीत विज्ञान व गणिताच्या प्रयोगांचे साहित्य घेऊन कार्यकर्ते सरकारी शाळांत जातात आणि सहावी ते आठवीच्या मुलांकडून प्रयोग करून घेतात. आपल्याकडेही पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याचा पाठ घालून दिला. जुन्नरजवळच्या खोडद येथे विज्ञान दिनाला महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या परिसरात खेड्यापाड्यांतील मुले आपले प्रयोग मांडतात. वाटा पुष्कळ आहेत, आपण फक्त चालायचे आहे.

आता मूळ भेटीकडे येतो. या २८ फेब्रुवारीला आपल्या मैदानावर एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी करा. भर दुपारी दर पाच मिनिटांनी तिच्या सावलीचे टोक खडूने खुणावा आणि सर्वांत आखूड सावली मोजा. सूर्याकडे थेट कोणीही पाहायचे नाही, आपले काम सावलीशी आहे. त्याच दिवशी चेन्नईतील काही मुले हेच करतील, ती जबाबदारी माझी. चेन्नईत ती सावली सुमारे ३९ सेंटिमीटर भरेल, पुण्याच्या अक्षांशावर सुमारे ५०. चेन्नईत ती सर्वांत आखूड असेल १२ वाजून २२ मिनिटांच्या सुमारास, पुण्यात त्यानंतर सुमारे २५ मिनिटांनी. घड्याळ देशभर एक असले, तरी मध्यान्ह प्रत्येक गावाची निराळी, हे मुलांना पुस्तकाविना कळेल. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ सुरू होण्यापूर्वी देशातील रेल्वेगाड्या मद्रास वेधशाळेच्या वेळेवर धावत होत्या, हेही मग त्यांना समजेल.

दहावीच्या मुलांनी एवढ्यावर थांबू नये. दोन्ही सावल्यांवरून सूर्यकिरणांचे कोन काढा. त्यांत सुमारे साडेपाच अंशांचा फरक येईल. दोन्ही शहरांमधले उत्तर-दक्षिण अंतर आहे सुमारे ६०० किलोमीटर. साडेपाच अंशांना ६०० किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? उत्तर ३९ हजारांच्या पुढे, म्हणजे पृथ्वीच्या सुमारे ४० हजार किलोमीटरच्या परिघाजवळ जाईल. एका काठीने आणि एका टेपने आपली मुले पृथ्वी मोजतील. कुणाचे उत्तर ३६ हजार येईल, कुणाचे ४४ हजार. तेव्हा गुण कापू नका. काठी कलली होती का, जमीन उतरती होती का, खूण उशिरा केली का, हे विचारा. साखळी किती तापली याचा हिशेब ठेवणारा लॅम्टन हेच विचारत होता.

मराठी माध्यमाचा प्रश्न मी टाळणार नाही. घटत्या पटाची चिंता आज या सभागृहातील प्रत्येकाच्या मनात आहे. ‘मुलगा पुढे मागे पडेल’ या भीतीने कित्येक घरांनी शाळा बदलली. त्या पालकांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. परंतु ‘सावली लहान का झाली?’ हा प्रश्न ज्या भाषेत मूल आजीला विचारू शकते, त्याच भाषेत ते निर्भयपणे चूकही करू शकते. संज्ञा पुढे इंग्रजीत शिकता येतात. प्रश्न विचारण्याची सवय मात्र लहानपणीच लागते. चेन्नईत १७९२ मध्ये वेधशाळा उभी राहिली, तेव्हा तिच्या ग्रॅनाइटच्या स्तंभावर तमिळ आणि तेलुगूमध्येही लेख कोरला गेला. तो स्तंभ आजही नुंगंबाक्कममध्ये उभा आहे. लोकांच्या भाषेत मजकूर कोरल्याने विज्ञानाला उणेपणा आला नाही.

माजी विद्यार्थ्यांना एक मागणे. देणगी द्याच, पण वर्षातून एक तास स्वतःही द्या. आपल्यात कोणी सुतार असेल, कोणी परिचारिका, कोणी शेतकरी, कोणी वीजतंत्री. आपापले मोजण्याचे साधन घेऊन वर्गात या. गुण्या, रक्तदाबमापक, पर्जन्यमापक, मल्टिमीटर, जे असेल ते मुलांच्या हातात द्या. मोजमापावर माणसांचे पोट आणि प्राण कसे अवलंबून असतात, हे तुमच्याइतके चांगले कोणतेही पाठ्यपुस्तक सांगणार नाही.

आणि शाळेला एक सूचना. या वर्षापासून एक जाड वही करावी. दर २८ फेब्रुवारीची सर्वांत आखूड सावली, तिची वेळ, त्या दिवशीचे तापमान आणि मोजणाऱ्या मुलांची नावे तीत लिहावीत. शताब्दीला तीत ४० वर्षांच्या नोंदी असतील. सावली फारशी बदललेली नसेल, पण तापमानाचा स्तंभ त्या वेळच्या मुलांना बरेच काही सांगेल. तेव्हा आजची पाचवीतली मुले पन्नाशीची असतील. आपण लिहिलेला आकडा त्यांना तेथे सापडावा, अशी शुभेच्छा व्यक्त करून विज्ञान सप्ताहाचे उद्घाटन झाले असे जाहीर करतो.