डोंगर हाच देव

जपानच्या नारा प्रांतात मिवा नावाचा 467 मीटर उंचीचा डोंगर आहे. पायथ्याशी ओमिवा हे अतिप्राचीन देवस्थान. तिथे मंडप आहे, तोरी म्हणतात त्या कमानी आहेत, पण गाभारा नाही. लोक मंडपातून डोंगराकडे पाहून टाळ्या वाजवतात आणि नमस्कार करतात. डोंगर हाच देव. वर जायचं तर आधी नाव नोंदवायचं, गळ्यात पांढरा पट्टा घालायचा. वाटेत खायचं नाही, फोटो काढायचा नाही, साधा खडाही उचलून आणायचा नाही.

झाडाला, दगडाला, नदीला आत्मा असतो या समजुतीतून धर्म सुरू झाला, असं एडवर्ड टायलरने 1871 मध्ये मांडलं. हाच जडप्राणवाद. टायलरच्या लेखी ती धर्माची पहिली पायरी. (माडीवर कोण बसलं होतं, हे सांगायला नको!) शिंतो या जपानच्या परंपरागत धर्माला जडप्राणवादाची चिठ्ठी सर्रास चिकटवतात, पण ती अर्धवटच लागू पडते. शिंतोत सरसकट प्रत्येक दगड देव नसतो. मोतोओरी नोरिनागा या अठराव्या शतकातल्या पंडिताच्या मते, जे असामान्य आहे, ज्याच्यापुढे माणूस दबकतो, ते ‘कामी’. मग तो पशू असो, वृक्ष असो की समुद्र. ते चांगलंच असलं पाहिजे असंही नाही. म्हणून रानातल्या एखाद्याच झाडाला पेंढ्याचा जाड दोर बांधलेला दिसतो.

आणि इथे श्रद्धेपेक्षा रीत मोठी. बांधकामाआधी तिथेही भूमिपूजन होतं. त्सू शहराच्या नगरपालिकेने व्यायामशाळेसाठी ते केलं, त्यावरून खटला झाला. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सामाजिक रूढी ठरवून मान्य केली.

डोंगर किंवा झाड हाच देव असेल, तर त्याला जागेवरून हलवता येत नाही. सरकारला मात्र ते पटलं नाही. 1906 पासून खर्च आणि शिस्त यांच्या नावाखाली गावोगावची छोटी देवळं मोठ्या देवळांत विलीन करण्यात आली. सुमारे 70 हजार देवळं गेली आणि त्यांच्याभोवतीच्या राया लाकडाच्या भावाने विकल्या गेल्या. याविरुद्ध उभा राहिला वाकायामाचा मिनाकाता कुमागुसु. लंडनला राहून आलेला, ‘नेचर’मध्ये लिहिणारा, बुरशीसारख्या स्लाइम मोल्डचा अभ्यासक आणि स्वभावाने भडक. 1910 मध्ये त्याने एका सरकारी सभेत घुसून धिंगाणा घातला आणि तुरुंगात गेला. राई तोडली तर देवाबरोबर तिथले जीव जातात आणि गावही विस्कटतं, हा त्याचा मुद्दा. आपल्या देवरायांचं मोल वर्तक आणि गाडगीळ या शास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात शास्त्रीय भाषेत मांडलं; हा माणूस साठ वर्षं आधी ते सांगत होता.

1929 मध्ये सम्राट हिरोहितो, स्वतः जीवशास्त्रज्ञ, तानाबेच्या उपसागरातलं काशिमा बेट पाहायला आले. कुमागुसुने त्यांना स्लाइम मोल्डचे नमुने भेट दिले, तेही कॅरॅमलच्या रिकाम्या खोक्यांतून. देवळं विलीन करण्याचं धोरण 1920 मध्येच गुंडाळलं गेलं होतं, पण तोडलेल्या राया परत आल्या नाहीत. काशिमाची राई वाचली. 1935 मध्ये सरकारनेच त्या बेटाला राष्ट्रीय संरक्षण दिलं.